असिंक्रोनस फाइल रीड वेगवान करताना: लिनक्स कर्नलमध्ये वेळ कुठे जातो आणि तो कसा वाचवायचा

लिनक्सवर फाइल वाचायला वेळ लागतोय म्हटलं की पहिला सल्ला हमखास येतो: आयओ-यूरिंग (कर्नलकडे विनंत्या सोपवून वाट न बघता पुढे जाण्याचा इंटरफेस) वापरा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. विनंती कर्नलकडे सोपवली की आपला थ्रेड लगेच मोकळा व्हावा, एवढी साधी अपेक्षा असते. कर्नलच्या पोटात ही अपेक्षा तीन-चार ठिकाणी मोडू शकते. ती कुठे मोडतेय हे न बघता नुसता इंटरफेस बदलला, तर कोड गुंतागुंतीचा होतो आणि आकडे जागच्या जागी राहतात. म्हणून या लेखात आयओ-यूरिंग बरंच उशिरा येतं. आधी मोजणी, मग रीड-अहेड (पुढे लागणारा डेटा कर्नलने आधीच आणणं), मग बफर्ड की डायरेक्ट याचा निर्णय, म्हणजे पेज कॅशेमधून (वाचलेला डेटा ठेवायची कर्नलची मेमरी) वाचायचं की ती वगळून.

थोडा इतिहास लागेल, कारण जुने लेख वाचून अजूनही गैरसमज होतात. कर्नल २.६ च्या काळापासून लिनक्समध्ये एआयओ, म्हणजे असिंक्रोनस आयओ, होतं. पण फाइल ओ-डायरेक्टने (पेज कॅशे वगळून) उघडलेली नसेल, तर विनंती सोपवणारा कॉलच डिस्कची वाट बघत बसायचा. ग्लिबसी या सी लायब्ररीचं पॉझिक्स एआयओ तर आतून सरळ थ्रेड चालवतं. मे २०१९ मध्ये कर्नल ५.१ सोबत जेन्स ॲक्सबो यांचं आयओ-यूरिंग आलं. त्यातही सुरुवातीला पेज कॅशेमध्ये नसलेली बफर्ड रीड वर्कर थ्रेडकडे ढकलली जायची. थ्रेड पूलच तो, फक्त कर्नलच्या आत बसलेला. हे बदललं ऑक्टोबर २०२० मध्ये, कर्नल ५.९ ला. त्यामुळे ५.९ च्या आधीच्या कर्नलवर घेतलेली बफर्ड रीडची मोजमापं आज वापरू नका.

पहिली पायरी: पाया मोजून घ्या

साधं गणित. एका रीडला १०० मायक्रोसेकंद लागत असतील आणि एका वेळी एकच रीड चालू असेल, तर सेकंदाला जास्तीत जास्त १०,००० रीड होतात. प्रत्येक रीड ४ केबीची असेल तर साधारण ४० एमबी. डिस्क कितीही महागडी असो, या रचनेत यापुढे जाता येत नाही. एकाच वेळी ३२ रीड हवेत ठेवल्या आणि डिस्कने तेवढ्याच वेळात त्या उरकल्या, तर तोच आकडा ३,२०,००० वर जातो. असिंक्रोनस रीडचा फायदा आहे तो इथे. एकेका रीडचा वेळ त्याने कमी होत नाही.

आता एफआयओ हे डिस्क मोजायचं हत्यार घ्या आणि तुमच्या प्रोग्रॅमसारखाच ब्लॉक आकार, तसाच क्रमवार किंवा विस्कळीत पॅटर्न ठेवून आधी एका वेळी एकच रीड करणाऱ्या साध्या पी-सिंक इंजिनने चालवा. मग आयओ-यूरिंग इंजिनने खोली (एकाच वेळी चालू असलेल्या रीडची संख्या) १, ४, १६, ६४ अशी वाढवत न्या. एका टप्प्यावर थ्रूपुट थांबतं आणि नुसता विलंब वाढू लागतो. तिथे तुमच्या डिस्कची उपयुक्त खोली संपली. साटा डिस्कची एनसीक्यू, म्हणजे डिस्कमधली विनंत्यांची रांग, ३२ चीच असते. एनव्हीएमई मध्ये मात्र मानकानुसार रांगाच हजारोंनी असू शकतात, त्यामुळे तिथे खोलीची मर्यादा सहसा दुसरीकडून येते.

मोजताना कॅशे थंड आहे याची खात्री करा. चाचणीच्या मशीनवर आधी सिंक, मग ड्रॉप-कॅशेजमध्ये ३ लिहिणं, एवढं पुरतं. चालू सर्व्हरवर हे करू नका. तिथे फाइलचा किती भाग कॅशेमध्ये आहे ते यूटिल-लिनक्समधल्या फिनकोर या हत्याराने बघता येतं. सरासरी विलंबापेक्षा ९९ व्या पर्सेंटाइलची नोंद ठेवा. पुढे ज्या अडचणी बघणार आहोत, त्यातल्या बऱ्याचशा सरासरीत दिसतच नाहीत.

आणि एक आकडा सगळ्यात कामाचा: आयओस्टॅट हे डिस्कच्या हालचाली दाखवणारं हत्यार विस्तारित रूपात चालवलं की दिसणारी सरासरी रांगेची लांबी. प्रोग्रॅमला वाटतंय की आपण ६४ रीड सोडल्या आहेत, आणि हा आकडा १ च्या आसपास घुटमळतोय, तर मधे कुठेतरी कोणीतरी थांबलंय. त्याच तक्त्यातल्या 'यूटिल' टक्क्याकडे एनव्हीएमई वर फारसं लक्ष देऊ नका. डिस्क सतत काहीतरी करतेय एवढंच ते सांगतं, तिची क्षमता संपलीय असं नाही.

एका रीडचा प्रवास

वाचायला कंटाळवाणं वाटेल, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. समजा, एक्सएफएस या फाइल सिस्टिमवरच्या फाइलमधून १६ केबी वाचायचे आहेत आणि तो भाग कॅशेमध्ये नाही.

प्रोग्रॅम सबमिशन रिंगमध्ये (कर्नलसोबत सामायिक असलेल्या विनंत्यांच्या गोल रांगेत) ६४ बाइटची एक नोंद भरतो: कुठली फाइल, कुठून, किती, कुठल्या बफरमध्ये, आणि ओळख पटवायला ६४ बिटांची एक खूण. मग एंटर हा सिस्टिम कॉल. कर्नल पहिल्यांदा 'थांबायचं नाही' अशी अट घालून रीड करून बघतो. डेटा कॅशेमध्ये असता तर इथेच कॉपी होऊन काम संपलं असतं. तो नाही, म्हणून कर्नल पुन्हा प्रयत्न करतो, पण या वेळी फोलिओच्या (पेज कॅशेमधला एक किंवा अनेक पानांचा गट) प्रतीक्षा-रांगेत एक कॉलबॅक अडकवून. या दोन प्रयत्नांच्या ओघात रीड-अहेड सुरू होतं, रिकामे फोलिओ मिळवले जातात, त्यांना लॉक लागतं आणि ब्लॉक लेयरकडे (डिस्कच्या विनंत्या हाताळणारा कर्नलचा भाग) विनंती जाते. प्रोग्रॅमचा थ्रेड परत फिरतो, मोकळा.

डिस्कचं काम झालं की इंटरप्ट येतो. फोलिओ 'ताजा' म्हणून नोंदला जातो, लॉक सुटतं, कॉलबॅक जागा होतो. पण डेटा अजून तुमच्या बफरमध्ये आलेला नाही. कॉलबॅक फक्त तुमच्या थ्रेडच्या नावावर एक काम लावतो. तो थ्रेड पुढच्या वेळी कर्नलमध्ये आला की रीड पुन्हा चालते, या वेळी सगळं कॅशेमध्ये सापडतं, कॉपी होते, आणि कम्प्लीशन रिंगमध्ये १६ बाइटची पावती पडते.

यातून दोन गोष्टी निघतात. बफर्ड रीडमधली कॉपी तुमच्याच थ्रेडच्या वेळात होते. मोठमोठ्या रीड सोडल्यावर सीपीयू का वाढला, याचं उत्तर बहुधा तिथेच असतं. दुसरं, विनंती सोपवतानाच कर्नल बरंच काम तिथल्या तिथे करतो: एक्स्टेंट (फाइलचा डिस्कवरचा सलग तुकडा) शोधणं, मेमरी मिळवणं, ब्लॉक लेयरमध्ये जागा पटकावणं. यातलं प्रत्येक काम अडकू शकतं.

रीड-अहेड आधी नीट लावा

क्रमवार वाचनात कर्नलचं रीड-अहेड स्वतःच असिंक्रोनस असतं. ते लहान खिडकीपासून (एका वेळी किती पुढचं आणायचं ते माप) सुरू होतं, क्रम टिकला की झपाट्याने वाढतं, आणि कमाल मर्यादेला थांबतं. आणलेल्या पानांपैकी एकावर खूण ठेवलेली असते. वाचन त्या खुणेपर्यंत पोहोचलं की पुढचा तुकडा मागवला जातो, म्हणजे आपण हातातलं वाचत असताना पुढचं येत राहतं. हे नीट चाललं तर साधा रीड कॉलसुद्धा डिस्कचा पूर्ण वेग गाठू शकतो. अशा ठिकाणी आयओ-यूरिंगने फारसं काही हाती लागत नाही.

ही कमाल मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १२८ केबी असते. सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) त्या डिस्कच्या रांगेखाली 'रीड अहेड केबी' नावाची फाइल असते, तिथे ती बदलता येते. ब्लॉकडेव्ह हत्यारानेही होतं, पण ते ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मोजतं, तेव्हा एककाचा घोळ होऊ देऊ नका. मोठ्या फाइली सलग वाचायच्या असतील आणि डिस्क रेड किंवा नेटवर्कमागे असेल, तर १ एमबी, मग ४ एमबी असं वाढवून बघा. आयओस्टॅटमध्ये रीडचा सरासरी आकार नेमका १२८ केबीला चिकटलेला दिसला, तर मर्यादा बहुधा हीच. बदलूनही तो हलला नाही, तर त्या रांगेची एका विनंतीतल्या कमाल आकाराची सेटिंग तपासा.

विस्कळीत वाचनाला उलट औषध. फॅडव्हाइजने (कर्नलला वाचनाची पद्धत सांगणारा कॉल) 'रँडम' सांगा, नाहीतर कर्नल कधीमधी क्रमाचा भास होऊन नको ती पानं आणतो. 'सिक्वेन्शियल' सांगितलं तर खिडकी दुप्पट होते. 'विल-नीड'ने वाचन आधीच सुरू करता येतं, पण हा कॉल स्वतः थांबू शकतो. तो मुख्य लूपमध्ये टाकू नका. आयओ-यूरिंगमध्येही फॅडव्हाइजची विनंती आहे, ती वापरा.

आता ज्यावर सहसा कोणाचं लक्ष जात नाही ते. रीड-अहेडची स्थिती फाइलच्या आयनोडवर (फाइल सिस्टिममधली त्या फाइलची एकच मूळ नोंद) नसते. प्रत्येक वेळी फाइल उघडली की तयार होणाऱ्या रचनेत ती असते. एकाच डिस्क्रिप्टरवरून फाइलच्या चार वेगवेगळ्या भागांची वाचनं एकमेकांत मिसळून सोडली, तर कर्नलला त्यातला क्रम ओळखणं अवघड जातं आणि खिडकी वाढत नाही. उपाय सोपा: प्रत्येक प्रवाहासाठी फाइल वेगळी उघडा. डुप करून चालणार नाही, कारण त्यात रचना तीच राहते. एकाच प्रवाहातले तुकडेसुद्धा चढत्या क्रमाने सोडा.

बफर्ड की डायरेक्ट

माझं मत स्पष्ट आहे: स्वतःची कॅशे लिहायची तयारी नसेल तर ओ-डायरेक्टच्या वाटेला जाऊ नका. त्यात कॉपी वाचते, पेज कॅशेची लॉक वाचतात, वाट बघण्याच्या बऱ्याच जागा कमी होतात. पण रीड-अहेड जातं, दुसऱ्यांदा वाचताना पुन्हा डिस्कवर जावं लागतं, आणि बफर, ऑफसेट, लांबी या तिन्हींना संरेखनाची (ठराविक आकाराच्या पटीत असण्याची) अट येते. ती ५१२ बाइटची की ४०९६ ची, हे फाइल सिस्टिम आणि डिस्कवर ठरतं. कर्नल ६.१ पासून स्टॅटएक्स या फाइलची माहिती देणाऱ्या कॉलला विचारून ते कळतं, अंदाज बांधायची गरज नाही.

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचं उदाहरण इथे चांगलं आहे. २०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीत असिंक्रोनस वाचन आलं, त्यात वर्कर प्रक्रिया किंवा आयओ-यूरिंग यातून निवड करता येते, आणि मूळ सेटिंग वर्करची आहे. डेटा मात्र नेहमीप्रमाणे पेज कॅशेमधूनच येतो. असिंक्रोनस आणि डायरेक्ट हे दोन वेगळे निर्णय आहेत, हे त्यावरून दिसतं.

मधला एक मार्ग कर्नल ६.१४ पासून आहे: 'डोन्ट-कॅशे' खूण लावलेली बफर्ड रीड. डेटा पेज कॅशेमधूनच येतो, पण या रीडने आणलेली पानं काम झाल्यावर काढून टाकली जातात. बॅकअप, चेकसम, एकदाच वाचायचे लॉग अशा कामांना हे उत्तम. बाकीच्यांची गरम पानं बाहेर फेकली जात नाहीत. ईएक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस वर ते चालतं.

एममॅपबद्दल (फाइल थेट प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडणं) एकच वाक्य: पान जागेवर नसेल तर फॉल्ट येतो आणि थ्रेड तिथेच थांबतो, त्यामुळे असिंक्रोनस रचनेत ते बसत नाही.

आता आयओ-यूरिंग

लिबयूरिंग लायब्ररी वापरा. रिंगांचे मेमरी बॅरियर हाताने लिहिण्यात काही शौर्य नाही. रिंगची खोली पहिल्या पायरीत सापडलेल्या आकड्याच्या आसपास ठेवा. कम्प्लीशन रिंग आपोआप दुप्पट मिळते.

पहिला मोठा फायदा गठ्ठ्याने मिळतो. दहा-वीस नोंदी भरा, मग एकदाच सबमिट करा, आणि त्याच कॉलमध्ये पूर्ण झालेल्यांची वाटही बघा. प्रत्येक नोंदीमागे एक एंटर कॉल केला तर सिस्टिम कॉलच्या हिशेबात साध्या पी-रीडपेक्षा तुम्ही पुढे नाही. पावत्या कुठल्याही क्रमाने येतात, म्हणून ती ६४ बिटांची खूण विचार करून ठरवा. सहसा तिथे विनंतीच्या रचनेचा पत्ता ठेवतात. मागितल्यापेक्षा कमी बाइट आले तर उरलेल्यासाठी पुन्हा नोंद भरा. आणि पावती येईपर्यंत बफरला हात लावू नका. फंक्शनच्या स्टॅकवरचा बफर देऊन फंक्शनमधून परत येणं हा या इंटरफेसमधला सगळ्यात घातक बग आहे, आणि तो चाचणीत क्वचितच सापडतो.

त्याच फाइली हजारो वेळा वाचायच्या असतील तर त्या रिंगकडे नोंदवून ठेवा; प्रत्येक विनंतीमागची संदर्भ-मोजणी वाचते. बफर नोंदवण्याचा फायदा मुख्यतः ओ-डायरेक्टला होतो, कारण त्यात दर वेळी तुमची पानं मेमरीत पिन करावी लागतात. बफर्ड रीडला त्यातून फार अपेक्षा ठेवू नका.

रिंग एकच थ्रेड वापरणार असेल तर 'सिंगल इश्युअर' आणि 'डिफर टास्करन' या खुणा लावा. दुसरी कर्नल ६.१ पासून आहे. मग ते उरलेलं काम, म्हणजे बफर्ड रीडमधली कॉपी, तुम्ही पावत्या मागायला जाल तेव्हाच होतं, अधेमधे व्यत्यय येत नाही. याची दुसरी बाजू लक्षात ठेवा: थ्रेड पन्नास मिलिसेकंद हिशेबात गुंतला तर तेवढा वेळ एकही बफर्ड रीड पुढे सरकणार नाही, डिस्कने डेटा आणून ठेवला असला तरी. लांबलचक गणनेच्या मधे पावत्या मागण्याची सोय करा.

एसक्यू-पोलमध्ये कर्नलचा एक थ्रेड सबमिशन रिंगवर सतत नजर ठेवतो आणि सिस्टिम कॉल जवळपास नाहीसे होतात. त्यासाठी एक कोअर जळतो. काम नसेल तर मूळ सेटिंगप्रमाणे तो सेकंदाने झोपतो. विनंत्यांचा ओघ अखंड असेल तरच घ्या. आयओ-पोलला (इंटरप्टऐवजी काम झालं का ते सतत विचारत राहणं) ओ-डायरेक्ट लागतं आणि एनव्हीएमई ड्रायव्हरच्या पोलिंग रांगा चालू असाव्या लागतात.

तरीही रांग भरत नसेल तर

दोन संशयित. पहिला: विनंत्या वर्करकडे चालल्या आहेत. थ्रेडसकट प्रक्रियांची यादी काढा. 'आयओयू-डब्ल्यूआरके' अशा नावाचे थ्रेड भराभर वाढत असतील तर तेच. परफ किंवा बीपीएफट्रेस या कर्नल तपासणाऱ्या हत्याराने आयओ-यूरिंगचा 'क्यू असिंक वर्क' हा ट्रेसपॉइंट मोजला की कुठल्या विनंत्या तिकडे गेल्या तेही कळतं. फाइल सिस्टिमला असिंक्रोनस बफर्ड रीड येत नसेल तर हे होणारच. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस ना ती येते. फाइल उघडणं आणि स्टॅटएक्स या विनंत्याही वर्करकडे जाऊ शकतात, त्यात वावगं काही नाही. साध्या फाइलींसाठी वर्करची मूळ कमाल संख्या रिंगची खोली आणि सीपीयूंच्या चौपट यातली लहान असते. कर्नल ५.१५ पासून ती बदलता येते.

दुसरा संशयित जास्त चकवतो: सबमिट करणारा कॉलच थांबतोय. एंटर कॉलचा वेळ मोजा आणि तो लांबला तेव्हाचा कर्नल स्टॅक बघा. स्टॅकमध्ये एक्स्टेंट किंवा बी-ट्री वाचणारी फंक्शन्स असतील तर मेटाडेटा डिस्कवरून येतोय. फाइलफ्रॅगने फाइलचे किती तुकडे झालेत ते बघा. टॅग मिळवणारं फंक्शन असेल तर ब्लॉक लेयरची रांग भरलीय. खोली कमी करा किंवा एनआर-रिक्वेस्ट्स ही त्या रांगेची सेटिंग वाढवून बघा. रिक्लेम (वापरातली पानं मोकळी करणं) दिसलं तर मेमरीच अपुरी आहे. कधी न वाचलेल्या, थंड फाइलींच्या विनंत्यांवर 'असिंक' खूण लावून त्या थेट वर्करकडे पाठवणं हाही उपाय आहे. वर्कर वाईट म्हणून सरसकट टाळू नका. मुख्य लूप अडकण्यापेक्षा वर्कर अडकलेला परवडतो.

मेमरीचा संशय असेल तर प्रॉक फाइल सिस्टिममधल्या व्हीएमस्टॅट फाइलीतला फाइल पानांच्या रिफॉल्टचा आकडा बघा. तो वाढत असेल तर आणलेली पानं फेकली जाऊन पुन्हा आणावी लागताहेत. अशा वेळी रीड-अहेड वाढवलं तर आगीत तेल.

फाइल सिस्टिम तुमचीच असेल तर

हा भाग फाइल सिस्टिम लिहिणाऱ्यांसाठी आहे, नुसती वापरणाऱ्यांना तो सोडता येईल. 'थांबायचं नाही' ही अट आली की आयनोडचं लॉक फक्त प्रयत्न करून घ्या, मिळालं नाही तर लगेच 'पुन्हा प्रयत्न करा' हा एरर परत द्या. एकाही आतल्या वाटेवर हे विसरलं तर अख्खी रिंग त्या एका लॉकवर थांबते. एकेक फोलिओ वाचण्यावर भिस्त न ठेवता रीड-अहेडचं ऑपरेशन लिहा, शक्य तिथे आयओमॅप वापरा, आणि मोठ्या फोलिओंना परवानगी द्या. ४ केबीच्या २५६ पानांऐवजी मोजके मोठे फोलिओ हाताळले की लॉक, शोध आणि हिशेब सगळंच कमी होतं. एक्सएफएस मध्ये हे कर्नल ५.१८ पासून आहे, ईएक्सटी४ मध्ये ६.१६ पासून. म्हणजे काही जणांसाठी कर्नल अद्ययावत करणं हाच सगळ्यात स्वस्त सुधार ठरेल.

आयओ-यूरिंग बंद असेल तेव्हा

हे गृहीत धरूनच कोड लिहा. गूगलने २०२३ मध्ये सांगितलं की त्यांच्या कर्नल बक्षीस योजनेत आलेल्या ६० टक्के एक्स्प्लॉइटमध्ये आयओ-यूरिंगमधले दोष वापरले होते. क्रोमओएस वर त्यांनी ते बंद केलं. डॉकरची मूळ सेककॉम्प (सिस्टिम कॉल गाळणारी) यादी ते अडवते. कर्नल ६.६ पासून एका सिसकंट्रोलने (कर्नलच्या सेटिंगने) ते पूर्ण किंवा विशेषाधिकार नसलेल्यांपुरतं बंद करता येतं.

म्हणून सुरुवातीलाच रिंग तयार करून बघा आणि नाही जमलं तर थ्रेड पूलकडे वळा. त्या वाटेवरही एक सुधारणा आहे: पी-रीड-व्ही-२ या रीड कॉलला 'नो-वेट' खूण देऊन मुख्य थ्रेडमधूनच आधी वाचून बघा. बफर्ड रीडसाठी ही सोय कर्नल ४.१४ पासून आहे. डेटा कॅशेमध्ये असेल तर थ्रेड बदलण्याचा खर्च न करता तिथेच मिळतो. अर्धाच मिळाला तर उरलेला, आणि काहीच नाही मिळालं तर अख्खी विनंती, पूलकडे द्या.